कुबकॉन्फिग एकत्रीकरण

निरनिराळ्या कुबरनेटिस क्लस्टरांच्या (कुबरनेटिस या व्यवस्थेखाली मिळून प्रोग्रॅम चालवणाऱ्या संगणकगटांच्या) जोडणीची माहिती असलेल्या फाइल एकत्र करून एक सलग फाइल तयार करण्याची प्रक्रिया. कुबरनेटिसच्या कुबसीटीएल या कमांड लाइन साधनात ही सोय मुळातच आहे. खास या कामासाठी लिहिलेली कोनफिग आणि कुबसीएम ही साधनेही वापरली जातात.

कुबकॉन्फिग ही यामल (माहिती साध्या मजकुरात मांडण्याची पद्धत) स्वरूपातील फाइल. तिच्यात तीन याद्या असतात: क्लस्टर (सर्व्हरचा पत्ता व प्रमाणपत्र), यूजर (ओळख पटवणारे प्रमाणपत्र किंवा टोकन) आणि कॉन्टेक्स्ट. कोणत्या क्लस्टरवर कोणत्या यूजरने जायचे, ते कॉन्टेक्स्ट सांगतो, पण केवळ नावाने. एकत्रीकरणातील बहुतेक घोटाळे या नावांपाशीच होतात.

कुबकॉन्फिग नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमना सेटिंग पुरवणाऱ्या चलामध्ये) फाइलींचे मार्ग ओळीने लिहिले, की कुबसीटीएल त्या सर्व फाइल मिळून एकच असल्याप्रमाणे वाचते. दोन मार्गांमध्ये लिनक्स व मॅकवर कोलन, तर विंडोजवर अर्धविराम लागतो. यादीतील एखादी फाइल जागेवर नसेल तर ती मुकाट्याने वगळली जाते. वाचताच येत नसेल तर मात्र चूक दाखवली जाते.

एकच नाव दोन फाइलींत आले तर आधी वाचलेल्या फाइलीतली नोंद टिकते आणि नंतरची संपूर्ण नोंद गळते. त्याची कोणतीही सूचना मिळत नाही. हा प्रसंग दुर्मीळ नाही: के३एस ही कुबरनेटिसची हलकी आवृत्ती आपल्या क्लस्टर, यूजर आणि कॉन्टेक्स्ट या तिन्हींना ‘डिफॉल्ट’ असेच नाव देते, आणि कुबअ‍ॅडमिन हे क्लस्टर उभारण्याचे साधन क्लस्टरला ‘कुबरनेटिस’ म्हणते. अशा वेळी केवळ कॉन्टेक्स्टचे नाव बदलणे हा उपाय अपुरा, किंबहुना घातक आहे. कॉन्टेक्स्ट दोन दिसतात, पण आतली क्लस्टर व यूजरची नावे तीच राहिल्याने दोन्ही पहिल्याच क्लस्टरवर नेतात. चाचणीचा क्लस्टर समजून दिलेली डिलीटची आज्ञा मग चालू सेवेवर जाऊन पडते. म्हणून एकत्र करण्यापूर्वी तिन्ही ठिकाणची नावे बदलावीत आणि कॉन्टेक्स्टमधले त्यांचे उल्लेखही जुळवून घ्यावेत.

वाचताना झालेली ही जुळणी तात्पुरती असते. ती कायम करण्यासाठी ‘कॉन्फिग व्ह्यू’ ही आज्ञा ‘फ्लॅटन’ पर्यायासह देऊन तिचे आउटपुट नव्या फाइलीत वळवतात. या पर्यायामुळे बाहेर ठेवलेली प्रमाणपत्रेही बेस६४ (साध्या अक्षरांत बदललेल्या) रूपात फाइलीतच येतात. तो विसरला तर गुप्त मजकूर झाकलेलाच उतरतो आणि फाइल निरुपयोगी ठरते. आउटपुट मूळ फाइलीवरच वळवणे त्याहून महागात पडते, कारण कुबसीटीएल ती वाचण्याआधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ती रिकामी करते. आधी वेगळ्या नावाने लिहून, तपासून, मगच ती मूळ जागी हलवावी. वाचण्याची परवानगी फक्त स्वतःपुरती ठेवावी.

कोनफिग ही कुबसीटीएलची पुरवणी (प्लगइन) क्रू या प्लगइन-व्यवस्थापकातून बसवता येते. तिच्याने फाइल जोडता येतात, तशाच पुन्हा वेगळ्याही काढता येतात. गो भाषेतील कुबसीएम एका फोल्डरमधील सर्व फाइल एकदम जोडते.

अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल जोडण्यापूर्वी उघडून वाचावी. यूजरच्या नोंदीत ‘एक्झेक’ हा भाग असू शकतो, आणि तिथे लिहिलेला प्रोग्रॅम कुबसीटीएल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालवते.