‘जावे त्याच्या वंशा’ आणि भिजलेले उंदीर

उंदराला अंग भिजलेलं अजिबात खपत नाही. जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या या नावडीवर बेतलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध केला. पेटीत दोन कप्पे होते. एका कप्प्यात पाणी आणि त्यात धडपडणारा एक उंदीर, तर शेजारच्या कोरड्या कप्प्यात त्याचा सोबती. मधलं दार फक्त कोरड्या बाजूनं उघडायचं. कोरडा उंदीर काही दिवसांत ते दार उघडून सोबत्याला आत घ्यायला शिकला. पलीकडे पाणीच नसेल, सोबत्याला काही त्रास नसेल, तर तो दाराकडे फारसा फिरकत नसे. एका दाराआड खाऊ आणि दुसऱ्याआड भिजलेला सोबती अशी निवड दिली, तेव्हाही उंदीर बहुतेक वेळा आधी सोबत्याचं दार उघडत. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची नोंद : जे उंदीर स्वतः आधी कधीतरी त्या पाण्यात पडले होते, ते दार उघडायला इतरांपेक्षा लवकर शिकले.

‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ ही आपली म्हण जणू त्या पेटीत खरी ठरली. माणसांतही तिचे पुरावे भरपूर आहेत. टेरेस लॅसर या अमेरिकन स्त्रीचा स्तन १९५२ साली कर्करोगामुळे काढावा लागला. पुढे हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, घरच्यांशी कसं बोलायचं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मग तीच शस्त्रक्रिया झालेल्या इतर बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागली. तिनं सुरू केलेलं ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं आपल्याकडे घेतलं. कॅलिफोर्नियातल्या कँडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी मे १९८० मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं उडवली. त्याच वर्षी त्यांनी अशा चालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली.

मानसशास्त्रात या प्रवृत्तीला दुःखातून जन्मलेला परोपकार असं म्हणतात. ही कल्पना मांडली अर्विन स्टॉब या मानसशास्त्रज्ञानं, आणि ती त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली आहे. १९४४ साली बुडापेस्टमध्ये नाझींच्या सावलीत तो सहा वर्षांचा ज्यू मुलगा होता. स्वीडनचे राजनैतिक अधिकारी राउल वॉलेनबर्ग यांनी मिळवून दिलेली संरक्षणपत्रं आणि घरी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती बाईची हिंमत यांमुळे त्याचं कुटुंब वाचलं. मोठेपणी त्यानं आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला : एरवी सगळे गप्प उभे राहतात, तेव्हा एखादाच माणूस पुढे का येतो?

पण म्हण अर्धीच खरी आहे.

कारण ज्यांनी सोसलं त्यांच्याच तोंडून ‘आम्हीही सोसलंच की, काय झालं त्यानं?’ हे वाक्यही आपण ऐकतो. रेचल रटन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याच वाक्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला. त्यांच्या एका पाहणीत शाळेत छळ सोसलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली होती. तो मुलगा सारं सहन करून सावरला असेल, तर स्वतः असा छळ भोगलेले वाचक त्याच्याविषयी अधिक हळवे होत. तोच मुलगा कोलमडला आणि दुसऱ्यांवर तुटून पडला असेल, तर मात्र हेच वाचक त्याला इतरांपेक्षा कठोरपणे तोलत. बेकारी भोगलेल्या माणसांतही हेच दिसलं. नोकरी मिळेना म्हणून वाममार्गाला लागलेल्या माणसाविषयी सर्वांत कमी कणव त्यांना वाटली.

संशोधकांचं स्पष्टीकरण मनाला पटतं. आपण दुःखाची हकिगत लक्षात ठेवतो, पण ते सोसताना किती जड गेलं होतं, ते विसरतो. उरते ती एवढीच जाणीव : मी त्यातून पार पडलो. ती जाणीव मग समोरच्याला मापायची पट्टी होते. म्हणजे एकच अनुभव कुणाला दार उघडायला लावतो, तर कुणाला दार बंद करायला. घराघरांत, कार्यालयांत, वसतिगृहांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला जाच याच दुसऱ्या वाटेनं जातो, असं मला वाटतं.

मग फरक कशानं पडतो? स्टॉब आणि योहाना फोलहार्ट यांच्या लेखनात काही गोष्टी पुन्हापुन्हा येतात. संकटात असताना कुणीतरी आपल्याला हात दिला होता का? निदान एका माणसानं आपलं सांगणं खरं मानलं होतं का? त्या वेळी आपणही कुणासाठी काही करू शकलो होतो का, अगदी धाकट्या भावंडाचं तोंड आपल्या अंगाशी दाबून धरण्याइतकंसुद्धा? आणि नंतर त्या जखमेवर उपचार झाले होते का? थोडक्यात, दुःख आपण होऊन काहीच शिकवत नाही. दुःखात भेटलेला माणूस शिकवतो. स्टॉबच्या बालपणातली ती बाई वजा केली, तर उरते ती फक्त भीती.

आता दुसरी बाजू, मदत करणाऱ्याला काय मिळतं याची. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल दारूनं पुरता बुडाला होता. १९३४ च्या डिसेंबरमध्ये त्यानं बाटली सोडली आणि इतर दारुड्यांना सोडवण्याचा सपाटाच लावला. पाच महिन्यांत एकही माणूस सुटला नाही. तो निराश झाला, तेव्हा बायकोनं एक गोष्ट त्याच्या नजरेला आणली : त्यांच्यातलं कुणी सुटलं नसेल, पण तू स्वतः तर प्यालेला नाहीस. पुढे १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही दारुड्यांनीच एकमेकांना दारू सोडायला मदत करण्याची चळवळ उभी राहिली ती याच निरीक्षणावर. तीस वर्षांनी, १९६५ मध्ये, फ्रँक रीसमन या अभ्यासकानं त्याला तत्त्वाचं रूप दिलं. मदत घेणाऱ्याचा फायदा अनेकदा अनिश्चित असतो, देणाऱ्याचा होण्याची शक्यता मात्र अधिक असते, असं त्याचं म्हणणं होतं.

आकडे काय सांगतात? दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या अमेरिकन रुग्णांच्या माहितीचं विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उपचारांदरम्यान दुसऱ्या व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक पुढचं वर्षभर दारूपासून लांब राहिले. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. इथे घाईनं टाळ्या वाजवू नयेत. जो आधीच बरा सावरतो आहे, त्याच्याच अंगात दुसऱ्याकडे बघायची ताकद येते, हेही शक्य आहे. कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न अशा प्रत्येक पाहणीत उरतो. म्हणून मला कॅरोलिन श्वार्ट्झ यांचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. त्या शोधत होत्या भलतंच. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांना त्याच आजाराच्या काही प्रशिक्षित रुग्णांनी दरमहा फोन करून शांतपणे ऐकून घ्यायचं, आणि त्याचा ऐकवणाऱ्यांना किती फायदा होतो ते मोजायचं, असा बेत होता. फोन करणारे रुग्ण अवघे पाच होते. त्यांच्यात काही बदल होईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि सर्वांत ठळक बदल त्यांच्यातच दिसला. आत्मविश्वास वाढला, उदासी उतरली, आजाराकडे बघायची नजर बदलली. पाच माणसांवरून नियम होत नाही, पण प्रश्न नक्की उभा राहतो : हे होतं कसं?

याचं एक उत्तर मेंदूत खोलवर आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवलं, की ज्यांना विजेचे झटके टाळता येत नाहीत ते प्राणी पुढे सुटकेची वाट समोर असूनही पडून राहतात. हताश होणं शिकलं जातं, असा अर्थ त्यांनी लावला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपलंच म्हणणं उलटं केलं. (स्वतःचा गाजलेला सिद्धांत असा मोकळेपणानं दुरुस्त करणं विज्ञानातही विरळाच.) मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूत शोधलं, तेव्हा आढळलं ते असं : दीर्घ त्रासापुढे गळून पडणं ही मेंदूची मूळ, न शिकवलेली प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती उलट गोष्ट, म्हणजे माझ्या करण्यानं काही बदलतं ही. कपाळामागच्या मेंदूच्या आतल्या भागाला हे जाणवलं, की तो मेंदूच्या बुंध्यातल्या घाबरवणाऱ्या पेशींना आवर घालतो. झटके तेवढेच असले, तरी ज्या उंदराला चाक फिरवून ते थांबवता येतात तो खचत नाही. पुढे न थांबणारे झटके बसले, तरी तो टिकून राहतो.

मोठा आघात माणसाकडून हेच चाक हिरावून घेतो. अपघात, अत्याचार, जवळच्याचा मृत्यू... आपल्या हातात काही नव्हतं, ही त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट असते. घडलेलं बदलता येत नाही. पण तशाच प्रसंगात सापडलेल्या दुसऱ्या कुणाला रुग्णालयातला अर्ज भरून दिला, रात्री दोन वाजता फोन उचलला, तर त्या क्षणी आपल्या करण्यानं काहीतरी बदलतं. ते चाक थोडंसं फिरतं. उंदरांवरून माणसाकडे ही उडी मी मारते आहे, संशोधकांनी ती एवढ्या थेटपणे मारलेली नाही, हे सांगायला हवं.

माणसाच्या मेंदूतही थोडं डोकावता आलं आहे. त्रिस्टन इनागाकी आणि नाओमी आयझेनबर्गर यांनी २०१२ मध्ये तरुण स्त्रियांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. बाहेर त्यांच्या जोडीदाराला हलका विजेचा झटका बसत होता आणि त्या त्याचा दंड धरून होत्या. आनंदाशी आणि पिलांच्या संगोपनाशी जोडलेले मेंदूचे भाग त्या वेळी जागे झाले. नुसता दंड धरला होता आणि झटका नव्हता, तेव्हापेक्षाही जास्त. शिवाय संगोपनाशी जोडलेला भाग जितका सक्रिय, तितकं भीतीशी निगडित केंद्र शांत होतं. धीर देणारा हात देणाऱ्यालाही धीर देतो, तो असा. मायकेल पुलिन यांच्या गटानं डेट्रॉइट परिसरातल्या ८४६ ज्येष्ठांवर पाच वर्षं नजर ठेवली, तेव्हा तणावाच्या घटना आणि मृत्यूचा धोका यांची गाठ फक्त इतरांना मदत न करणाऱ्यांत आढळली.

हे सगळं वाचून कुणी एखाद्या दुखावलेल्या माणसाला ‘आता या दुःखाचं सोनं कर’ असं सांगायला निघेल, तर कृपा करून तसं करू नका. कुणीही आपल्या जखमेतून समाजसेवा उभी करायला बांधील नाही. आघातानंतर बहुसंख्य माणसं कसलाही मोठा बदल न होता हळूहळू आपल्या रोजच्या आयुष्यात परततात, आणि ते पुरेसं असतं. ‘यानं मला घडवलं’ हे सांगणंही नेहमी वस्तुस्थिती नसते. पॅट्रिशिया फ्रेझियर यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांचं आघाताआधी आणि आघातानंतर मोजमाप केलं, तेव्हा त्यांना वाटणारी प्रगती आणि प्रत्यक्ष झालेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही.

आणि कच्च्या जखमेनं दुसऱ्याची जखम बांधायला गेलं, तर दोन्ही चिघळतात. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख आपल्यात भोगायला शिकवलं. दुःखाची दृश्यं पाहताना त्यांची स्वतःची खिन्नता वाढली. मग त्याच लोकांना करुणा शिकवली, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशी ओढ. आता तीच दृश्यं पाहताना त्यांना बरं वाटू लागलं, आणि मेंदूतली हालचालही वेगळ्या भागांत सरकली. तुझं दुःख मी भोगतो आणि तुझ्या दुःखात मी तुझ्याजवळ आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची आठवण अजून रोज रात्री उठवते, त्याला त्या वेगळ्या ठेवणं फार कठीण जातं. म्हणून शोकग्रस्तांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्था नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाला लगेच स्वयंसेवक करून घेत नाहीत. आधी थांबायला सांगतात, मग प्रशिक्षण देतात, आणि नंतरही त्याचं ऐकणारं कुणीतरी त्याच्या पाठीशी ठेवतात. उत्साहानं आलेल्या माणसाला हे खटकतं, हे मी समजू शकते. पण यात त्याच्या दुःखाचा अपमान नाही, त्याची काळजी आहे.

एवढं सांभाळून समदुःखी माणूस नेमकं काय देतो? डॉक्टरकडे ज्ञान असतं, घरच्यांकडे माया असते. त्याच्याकडे यांतलं कदाचित काहीच नसतं.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी होता. धंद्याचा सौदा फसला होता, खिसा रिकामा होता, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. बारकडे वळण्याऐवजी तो फोनकडे गेला आणि यादीतल्या चर्चना एकामागून एक फोन लावत विचारत राहिला, इथे एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाचा पत्ता लागला. दारूचे दुष्परिणाम या माणसाला कुणी समजावायची गरज नव्हती. ते त्याला पाठ होते. उपदेशही त्यानं पोटभर ऐकला होता. म्हणून त्यानं भेटीला यायच्या आधीच बजावलं होतं, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही. बिलनं उपदेश केला नाही. आपली स्वतःची हकिगत सांगितली, आणि तुझ्याशी बोलण्याची गरज मलाच आहे, हे कबूल केलं. दोघं उठले तेव्हा सहा तास उलटून गेले होते.