फोटॉन सुटतो, पण बाहेर पडत नाही

लेसरचा झोत कितीही मंद केला तरी प्रत्येक स्पंदात नेमका एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, येईल याची खात्री नसते. काही स्पंद रिकामे जातात, काहींत दोन फोटॉन येतात. संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली (की) फोटॉनांनी पाठवताना हा जादा फोटॉन हेरगिरी करणाऱ्याच्या आयताच हाती लागतो. त्यामुळे एका वेळी एकच फोटॉन देणारा स्रोत हवा. इंडियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या क्वांटम डॉटमधून, म्हणजे काही नॅनोमीटरच्या ठिपक्यातून, असा फोटॉन मिळतो, हे 2000 साली प्रयोगाने दाखवलं गेलं.

डॉट घडतो तो ताणामुळे. गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर अतिनिर्वात कक्षात, 500 अंश सेल्सिअसच्या आसपास इंडियम आर्सेनाइडचा थर चढवतात. दोघांच्या अणुजाळीत सुमारे 7 टक्के फरक असतो. पावणेदोन अणुथरांपर्यंत पृष्ठभाग सपाट राहतो, मग ताण हलका करण्यासाठी साधारण 20 नॅनोमीटर रुंद आणि 5 नॅनोमीटर उंच असे उंचवटे आपोआप उभे राहतात. हेच डॉट. पुरवठा थोडा जास्त झाला की उंचवटे एकमेकांत मिसळतात, जाळीत दोष शिरतात आणि प्रकाश मरतो.

डॉटमध्ये अडकलेला इलेक्ट्रॉन होलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेत, पडला की फोटॉन निघतो. अशा दोन जोड्या अडकल्या तर फोटॉनही दोन निघतात. पण त्यांच्या तरंगलांबीत थोडा फरक असतो, म्हणून फिल्टर लावून शेवटचाच घ्यायचा. तो एकटाच आहे ना, हे तपासायला अर्धपारदर्शक आरसा आणि दोन शोधक पुरतात: दोन्ही शोधक एकाच क्षणी वाजता कामा नयेत.

खरी अडचण यापुढची. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, सुमारे 3.5 आहे. पृष्ठभागाशी काढलेल्या लंबापासून 17 अंशांपलीकडे गेलेला प्रत्येक फोटॉन आतच परावर्तित होतो, आणि वरच्या बाजूने जेमतेम 2 टक्के सुटतात. उपाय म्हणून डॉटच्या खाली-वर गॅलियम आर्सेनाइड व अॅल्युमिनियम आर्सेनाइडचे आलटून-पालटून थर देतात; ते आरशासारखं काम करतात. 930 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी ते अनुक्रमे 66 आणि 79 नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे लागतात. थरांच्या खालच्या जोड्या वरच्यापेक्षा जास्त ठेवल्या की फोटॉन वरच निघतो. मग ही थरांची सगळी चळत कोरून काही मायक्रोमीटर जाडीचा खांब करतात.

इथेच बहुतेक नमुने वाया जातात. प्रत्येक डॉटचा आकार वेगळा, म्हणून तरंगलांबीही वेगळी. खांब मात्र एका ठरावीक तरंगलांबीलाच साथ देतो; त्याला नॅनोमीटरच्या काही दशांशांइतकाच फरक चालतो. तापमान 4 केल्विनवरून (उणे 269 अंश सेल्सिअस) वाढवलं की डॉटची रेषा, म्हणजे त्याची तरंगलांबी, खांबाच्या रेषेपेक्षा वेगाने सरकते आणि दोन्ही जुळवता येतात. पण फार वाढवलं तर जाळीच्या कंपनांनी डॉटची रेषाच रुंदावते. डॉट कोरलेल्या भिंतीजवळ आला तर तिथले चंचल विद्युतभार त्याची तरंगलांबी सतत हलवत राहतात. त्यामुळे आधी डॉट शोधून त्याच्याभोवती खांब कोरणं, हाच आम्हाला योग्य मार्ग वाटतो.

एवढं जमलं तरी 930 नॅनोमीटरचा फोटॉन फायबरमध्ये फार टिकत नाही. काही किलोमीटरांतच दहातला एक उरतो. 1550 नॅनोमीटरला तेवढीच घट व्हायला 50 किलोमीटर लागतात. तिथवर पोचायला ताण कमी करावा लागतो, म्हणून चकती इंडियम फॉस्फाइडची घेतात किंवा मध्ये इंडियमचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलेला थर देतात.