मलब्यातून शहर उभं करायचं म्हणजे

नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीतला जुना वाडा पाडला तेव्हा मजूर आठ दिवस विटा ठोकून साफ करत बसले होते. चुन्यातल्या विटा असतात त्या, चुना नरम, त्यामुळे वीट अख्खी निघते, सिमेंटात बसवलेली असती तर फुटली असती. एका वाड्याचा एवढा मलबा तर बॉम्बने अख्खं शहर पडलं की कुठं टाकायचा, हे काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनवाल्यांनी चक्क टेकडी केली त्याची, टॉयफेल्सबर्ग नावाची. पोलंडच्या वॉर्सामधे मुरानुव हा भाग ज्यू वस्तीच्या मलब्यावरच उभा आहे, मलबा फोडून, त्यात सिमेंट घालून ब्लॉक पाडले अन् त्याचीच घरं बांधली.

आता गंमत बघा. काँक्रीट फोडून मिळालेल्या गिट्टीला जुना मसाला चिकटलेला असतो, तो सच्छिद्र, म्हणून ती पाणी जास्त पिते, आधी भिजवून घ्यावी लागते नाहीतर नवीन काँक्रीटचं गणितच बिघडतं. आपल्याकडे 2016 च्या आयएस 383 या गिट्टी-वाळूच्या मानकामधे अशी गिट्टी ठराविक प्रमाणात वापरायला परवानगी आहे. पण यातून वाचतो फक्त दगड, सिमेंट नाही, आणि खरी भानगड सिमेंटचीच आहे. सिमेंट बनवायला 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच. कोराडीच्या वीजकेंद्राची राख मिसळून सिमेंट थोडं कमी करता येतं, पण सगळ्यात जास्त वाचतं ते उभा सांगाडा तपासून दुरुस्त केला तर. म्हणून मला बुलडोझरची घाई पटत नाही. शिवाय मलब्यात न फुटलेले बॉम्ब असतात, जुन्या पत्र्यांमधलं अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते कोरडं फोडलं की तंतू थेट फुफ्फुसात.

लेबनानच्या बैरूतला 1975 ते 1990 यादवी झाली, मग 1994 मधे सॉलिडेर कंपनीला शहराचा मध्यभाग दिला. दुरुस्त होण्यासारख्या बऱ्याच इमारती पाडल्या, आणि मालक-भाडेकरूंना जागेच्या बदल्यात शेअर्स दिले. शेअर्समधे राहता येते का भाऊ? नवा भाग चकाचक झाला, जुन्या दुकानदारांना परवडेना. अन् युद्धात पाय गेलेल्या माणसाला रॅम्प पहिल्याच नकाशात लागतो, मागून ठोकलेला उतार बहुतेक वेळा इतका तीव्र असतो की व्हीलचेअर चढतच नाही.

आमच्या गल्लीतल्या वाड्याच्या मागच्या खोल्यांत तीन भाडेकरू होते. विटा, सागवान, सळ्या सगळं मोजून विकलं गेलं, ते तिघं कुठं गेले हे मात्र गल्लीत कोणालाच माहीत नाही, मलाही नाही.