चक्रांग की भुवई? वसंताच्या तोंडावर तळ्यावरची दोन छोटी बदकं

फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्याकाठच्या उद्यानात दुर्बीण घेऊन उभं राहिलं की मोठी बदकं पटापट ओळखू येतात. थापट्याची चोच, तलवार बदकाची शेपटी, शंकेला जागाच नाही. घोळ होतो तो छोट्या तपकिरी बदकांपाशी. त्यातलं चक्रांग कोणतं आणि भुवई बदक कोणतं, यावर काठावर बराच वाद रंगू शकतो.

रंगात आलेल्या नरांवर वेळ घालवायला नको. चक्रांगाच्या नराचं डोकं तांबूस-तपकिरी, डोळ्यापासून मागे जाणारा हिरवा पट्टा, शेपटीच्या बुडाशी पिवळट डाग. भुवईच्या नराला डोळ्यावरून मानेकडे उतरलेली पांढरी शुभ्र कोर. खरी परीक्षा माद्यांची. चक्रांग ३४ ते ३८ सेंमी, भुवई ३७ ते ४१. दूरवर एकटीच मादी पोहत असेल तर या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही.

आधी चेहरा बघावा. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो: डोळ्यातून गेलेली गडद रेघ, तिच्यावर फिकी भुवई, खाली गालावर आणखी एक पुसट गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिका ठिपका. चक्रांगाच्या मादीलाही डोळ्यातून रेघ असते, पण बाकी चेहरा बराच कोरा. भुवईची चोच जराशी लांब आणि सगळीकडे करडी. चक्रांगाची आखूड, मुळाशी बऱ्याचदा पिवळट-नारिंगी छटा असलेली. शिवाय चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाशी, बाजूला, एक फिकी आडवी रेघ दिसते. मला ही शेपटीची खूण जास्त कामाची वाटते. चरणाऱ्या बदकाचं तोंड सारखं पाण्यात असतं, शेपटी मात्र दिसत राहते.

थवा उडाला तर पंखांकडे लक्ष. चक्रांगाच्या पंखातला चमकदार पट्टा हिरवा, त्याची पुढची पांढरी किनार मागचीपेक्षा रुंद. भुवईच्या मादीचा पट्टा मळकट, पण मागची पांढरी किनार ठळक. भुवईच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग फिका निळसर-राखाडी असतो. असाच निळसर भाग थापट्याच्याही पंखात सापडतो, आणि ते निव्वळ योगायोगानं नाही. पूर्वी भुवई आणि चक्रांग दोन्ही ॲनस या एकाच वंशात होती. जनुकीय अभ्यासांनंतर भुवई थापट्याबरोबर स्पॅच्युला वंशात गेली. दिसायला चक्रांगासारखी, नात्यानं थापट्याची.

त्या निळसर पंखाचं महत्त्व हिवाळ्यात कळतं. विणीनंतर दोन्ही जातींचे नर रंगीत पिसं गाळून मादीसारखे साधे दिसू लागतात. चक्रांगाचा नर हिवाळा सुरू होईपर्यंत पुन्हा रंगात येतो. भुवईचा नर मात्र हिवाळा सरत येईपर्यंत साध्याच पिसाऱ्यात राहतो. म्हणून जानेवारीतला भुवयांचा थवा पाहून 'सगळ्या माद्याच दिसताहेत' असं म्हणण्याची घाई करू नये. उडताना निळसर पंख दिसला की तो नर. पांढरी कोर उमटते ती स्थलांतराच्या तोंडावर.

आणि स्थलांतरातच दोघांच्या वाटा सगळ्यात वेगळ्या. चक्रांग थंडी बऱ्यापैकी सोसतं, पश्चिम युरोपात ते हिवाळाभर मुक्कामाला असतं. युरोपातली भुवई बदकं तिथे थांबत नाहीत, ती थेट सहाराच्या दक्षिणेला जातात. त्यामुळे मार्चमध्ये इंग्लंडमधल्या एखाद्या तळ्यावर ही दोन बदकं शेजारी चरताना दिसली, तर बहुधा एक हिवाळा संपवून उत्तरेकडे निघण्याच्या तयारीत असतं आणि दुसरं नुकतंच आफ्रिकेहून पोचलेलं असतं. भारतात मात्र दोन्ही हिवाळी पाहुणे. इथून दोन्ही उत्तरेकडेच निघतात.

निघण्याचा इशारा मुख्यतः लांबत जाणारा दिवस देतो. त्याबरोबर शरीरातली संप्रेरकं बदलतात, बदकं अधाशासारखी चरतात आणि प्रवासासाठी चरबी साठवतात. प्रवास बराचसा रात्रीचा, म्हणून संध्याकाळी भरलेलं तळं सकाळी अर्धं रिकामं दिसू शकतं. जोड्या बऱ्याचदा हिवाळी मुक्कामातच जमतात. विणीच्या जागेची ओढ मादीला, नर तिच्यामागून जातो.

पक्षी पाणगवतात दडलेले असतील तर कान द्यावा. भुवईचा नर कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखी कोरडी करकर करतो. चक्रांगाचा नर आखूड, स्वच्छ शीळ घालतो. माद्यांच्या आवाजावरून ठरवायला मात्र जाऊ नये; दोघींचं क्वॅक-क्वॅक वेगळं काढणं मुरलेल्या पक्षीनिरीक्षकालाही जड जातं.