सुपरकंप्युटरवर खातं हवंय? अर्जातला सॉफ्टवेअरचा रकाना आधी नीट भरा

राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग अभियान 2015 साली मंजूर झालं आणि परम मालिकेची यंत्रं देशभर बसली. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, खरगपूर आयआयटीत परम शक्ती. नागपुरातल्या व्हीएनआयटी, नीरी किंवा नागपूर विद्यापीठातल्या संशोधकाला त्यासाठी गाव सोडावं लागत नाही. खातं मिळालं की इथूनच एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करून, लॉगिन करायचं.

खातं सहसा प्राध्यापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या प्रकल्पावर मिळतं आणि पीएचडी, एमटेकचे विद्यार्थी त्याखाली येतात. म्हणून गाइडच्या सहीशिवाय अर्ज पाठवण्यात अर्थ नाही. फॉर्म आणि शुल्क केंद्रागणिक वेगळं. तरी संस्थेचं ओळखपत्र, संस्थेचाच ईमेल, विभागप्रमुखांची सही-शिक्का, प्रकल्पाचा गोषवारा आणि लागणाऱ्या कोअर-तासांचा (प्रोसेसरचे किती कोअर किती तास, याचा) अंदाज एवढं तयार ठेवा.

खरी गोची सॉफ्टवेअरच्या रकान्यात होते. तिथे नुसतं ‘ग्रोमॅक्स’ असं सिम्युलेशनच्या पॅकेजचं नाव लिहून भागत नाही. आवृत्ती कोणती, कंपायलर (सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवणारा) कोणता, एमपीआय (अनेक प्रोसेसना आपसात बोलू देणारी लायब्ररी) कुठलं, जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) हवा की नको, हे सगळं लिहा. एकच पॅकेज दोन वेगळ्या कंपायलरांनी बांधलं की ती दोन वेगळी इन्स्टॉलेशन होतात, आणि अ‍ॅडमिनला तुमच्या मनातलं कळायला मार्ग नसतो. ग्रोमॅक्स, लॅम्प्स, क्वांटम एस्प्रेसो ही पॅकेजं मुक्त आहेत. व्हास्प किंवा गॉसियन हे परवान्याचं पॅकेज हवं असेल तर परवान्याचा पुरावा जोडा. व्हास्पचा परवाना गटाच्या नावे असतो, त्यामुळे तुमचं नाव त्या गटाच्या यादीत आहे ना, हे गाइडला आधी विचारा. शेजारच्या लॅबकडे परवाना आहे, हे कारण चालत नाही.

खातं सुरू झालं की पहिली आज्ञा ‘मॉड्यूल अव्हेल’, ती बसवलेल्या पॅकेजांची यादी दाखवते. अर्धं काम तिथेच होतं, कारण हवं ते पॅकेज बरेचदा आधीच असतं. नसेल तर लगेच तिकीट, म्हणजे केंद्राकडे मदतीची विनंती, टाकू नका. रूट अधिकार (पूर्ण यंत्रावरचा ताबा) तुम्हाला मिळणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेलं स्पॅक हे साधन तुमच्या होम डिरेक्टरीतच पॅकेज बांधतं. नावापुढे आवृत्ती आणि कंपायलर दिला की अवलंबून असलेल्या लायब्ररी तेच जुळवतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचं, त्याच कामाचं ईझीबिल्डही चांगलं, पण ते मला अ‍ॅडमिन मंडळींच्या हाती जास्त शोभतं. कोंडा हे पॅकेज बसवायचं आणखी एक साधन सोपं वाटतं खरं, पण हजारो बारीक फायली करून फाइलसंख्येचा कोटा संपवतं.

प्रत्यक्ष गणित चालतं त्या कंप्युट नोडवर बहुधा इंटरनेट नसतं. सोर्स लॉगिन नोडवर (तुम्ही लॉगिन करता ते सामायिक यंत्र) उतरवून घ्या आणि मोठं बिल्ड स्लर्मच्या, म्हणजे कामं रांगेत लावून नोडवर पाठवणाऱ्या प्रणालीच्या, जॉबमधून चालवा. लॉगिन नोडवर सोळा-सोळा प्रोसेस सोडल्या की अ‍ॅडमिनचा मेल आलाच म्हणून समजा.

तरीही अडलं तर तिकीट जरूर टाका. त्यात ‘चालत नाही’ एवढंच न लिहिता एररचा पूर्ण मजकूर, ‘मॉड्यूल लिस्ट’चं (सध्या लोड केलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या आज्ञेचं) उत्तर आणि जॉब क्रमांक द्या.