सेटअप शेवटाला जाऊन उलटा का फिरतो: थोडी पार्श्वभूमी

मागच्या आठवड्यात मामांच्या पीसीवर एक हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकत होतो. हिरवी पट्टी सरसर पुढे गेली, पार टोकाला पोचली, आणि तिथून चक्क मागे यायला लागली, 'रोलिंग बॅक' वगैरे काहीतरी लिहून आलं आणि मग फेटल एरर, नंबर १६०३. परत केलं, परत तेच. अँटिव्हायरस बंद करून केलं, तरी तेच. मामा मागून म्हणाले, "अरे सरळ फॉरमॅट मार ना."

फॉरमॅट मारायची काहीच गरज नव्हती हे नंतर कळलं, ते सांगतोच शेवटी. पण मामांचा सल्ला अगदीच हवेतला नाहीये बरं का. आपल्याकडे एक अख्खी पिढी दर सहा-आठ महिन्यांनी विंडोज नव्याने टाकत मोठी झाली, आणि ते काही हौस म्हणून नव्हतं.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात इन्स्टॉल करणं म्हणजे फार काही नव्हतंच. फ्लॉपी घाला, एक फोल्डर बनवा (तेव्हा डिरेक्टरी म्हणायचे), फाइली कॉपी करा, झालं. नको असेल तर फोल्डर उडवा. भांडण व्हायचं ते फक्त ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग या मशीन चालू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन फाइलींमध्ये, कारण सगळ्यांना त्याच ६४० केबी मेमरीमध्ये बसायचं असायचं. पण एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचं पोट फाडलं असं सहसा होत नसे, प्रत्येकजण आपापल्या खोलीत.

विंडोजने एकत्र कुटुंब सुरू केलं. त्याचं कारण रॅम. १९९० साली विंडोज ३.० आलं तेव्हा घरातल्या मशीनमध्ये एक-दोन एमबी रॅम असली तरी खूप, त्यामुळे बटणं काढायचा, प्रिंट करायचा, फाइल उघडायचा कोड प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःजवळ ठेवणं परवडणारंच नव्हतं, म्हणून तो कोड डीएलएल फाइलींमध्ये सामाईक ठेवला आणि त्या फाइली विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये टाकल्या, ज्याला लागेल त्याने तिथून उचलावं. कल्पना चांगलीच होती. पण त्या फोल्डरला कुलूप नव्हतं. कुठलाही सेटअप यायचा, सोबत स्वतःची डीएलएल आणायचा आणि आधीच्या फाइलीवर ओतून मोकळा व्हायचा, आधीची फाइल नवी आहे की जुनी हे बघायचे कष्ट सगळे घेत नसत. मग काय, तुम्ही गेम टाकला की अकाउंटिंग बंद. गेम काढला तर अकाउंटिंग आणखीच बंद, कारण जाताना तो ती फाइलही घेऊन गेला. याला जगभर डीएलएल हेल म्हणायला लागले.

विंडोज ९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर जो उपाय केला तो मला फार आवडतो. आधी त्यांनी सेटअपला फाइल बदलूच द्यायची नाही असं करून पाहिलं, तर काही सेटअप एरर देऊन अर्ध्यात बंद पडायला लागले. मग त्यांनी काय केलं, तर सेटअपला हवं ते करू दिलं. ओत बाबा तुझी जुनी फाइल. तो निघून गेला की विंडोज गुपचूप एका लपवलेल्या फोल्डरमधून (नाव सिसबॅकप) चांगली फाइल काढून परत जागेवर ठेवायचं, आणि सेटअपने आणलेली खरंच नवी असेल तर तीच बॅकपमध्ये घ्यायचं. पाहुण्यासमोर काही बोलायचं नाही आणि तो गेल्यावर सामान जागेवर लावायचं, अगदी आपल्या घरातल्यासारखं.

त्याच ९५ ने रजिस्ट्री (सगळ्या सेटिंग्जचं एकच सामाईक कपाट) सगळ्यांच्या गळ्यात बांधली. त्याआधी सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असायच्या, नोटपॅडमध्ये उघडून वाचता यायच्या, पण त्यांचे आकार वाढत गेले आणि विन डॉट आयएनआयला ६४ केबीची मर्यादा होती. रजिस्ट्री तशी १९९२ च्या विंडोज ३.१ मध्येही होती पण छोटी, मुख्यतः फाइल कुठल्या प्रोग्रॅमने उघडायची ते बघणारी. ९५ पासून सगळंच तिच्यात. कुठली डीएलएल किती प्रोग्रॅम वापरतात याची मोजणीसुद्धा तिच्यातच, आणि म्हणूनच तेव्हा काहीही अनइन्स्टॉल करताना तो प्रश्न यायचा ना, ही शेअर्ड फाइल आता कोणी वापरत नाहीये असं दिसतंय, उडवू का? उत्तर कोणालाच माहीत नसायचं. सगळे 'नो टू ऑल' दाबायचे. त्यामुळे कचरा साठत जायचा, मशीन हळू व्हायचं आणि मग फॉरमॅट. मामांचा सल्ला या काळातला आहे.

इन्स्टॉलर बनवणाऱ्यांचाही तोपर्यंत बाजार झाला होता. इन्स्टॉलशील्ड होतं, वाइज होतं, १९९७ मध्ये फुकटातलं इनो सेटअप आलं, आणि विनअँप हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टने स्वतःच्या गरजेतून एनएसआयएस काढलं. प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि मध्येच लाइट गेली तर अर्धवट पडलेलं कोण निस्तरणार याचं उत्तर बहुतेकांकडे नव्हतं.

हे सगळं एका शिस्तीत आणायला १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत विंडोज इन्स्टॉलर आलं. आपण ज्याला एमएसआय फाइल म्हणतो ती. ही फाइल म्हणजे खरं तर डेटाबेस आहे, आत टेबलं असतात, कुठली फाइल कुठे जाणार, रजिस्ट्रीत काय लिहायचं, क्रम काय. बँकेच्या व्यवहारासारखं चालतं, झालं तर पूर्ण नाहीतर काहीच नाही. त्यामुळे आधी सगळ्या कामांची यादी तयार होते, मग एकेक काम करताना ते उलटं कसं करायचं याचीही नोंद ठेवली जाते, बदललेल्या जुन्या फाइली सी ड्राइव्हवर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाजूला काढल्या जातात. कुठेही अडलं की त्या नोंदी उलट्या क्रमाने वाचत मागे. मामांची पट्टी उलटी फिरली ती ही. म्हणजे ते दिसायला भयंकर असलं तरी मशीन स्वतःला सावरत असतं, ९५ मध्ये तेवढं नशीब नव्हतं.

गोची एकच. १६०३ चा अर्थ 'इन्स्टॉल करताना काहीतरी गंभीर चुकलं' एवढाच आहे. डॉक्टरने रिपोर्टवर 'पेशंट आजारी आहे' लिहावं तसं. त्याची भावंडं जरा तरी बोलतात, १६१८ म्हणजे दुसरं एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे (बऱ्याचदा मागे काहीतरी अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबलं तरी पुरतं), १६३८ म्हणजे याचीच दुसरी आवृत्ती आधीपासून बसलेली आहे, ३०१० तर एररच नाही, रीस्टार्ट कर म्हणतोय. १६०३ मात्र गाळात सगळ्यात शेवटी उरतो. फोल्डरवर विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम अकाउंटला परवानगी नसेल तरी १६०३, फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तरी १६०३, आणि सॉफ्टवेअर कंपनीने मध्ये स्वतःचा एखादा छोटा प्रोग्रॅम घुसडला असेल (याला कस्टम अ‍ॅक्शन म्हणतात) आणि तो आपटला तरी १६०३. खरं कारण बघायचं तर लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) काढावा लागतो, कमांड प्रॉम्प्टवरून एमएसआयएक्झेक (विंडोज इन्स्टॉलरचाच प्रोग्रॅम) चालवताना स्लॅश एल स्टार व्ही आणि फाइलीचं नाव, मग त्या भल्यामोठ्या फाइलीत 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधायचं आणि त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचायच्या.

आणि अजून एक, सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोजमधला लपवलेला इन्स्टॉलर फोल्डर उडवणारे महाभाग असतात. प्रत्येक एमएसआयची प्रत तिथे ठेवलेली असते, दुरुस्तीला आणि काढायला तीच लागते. ती गेली की जुनी आवृत्ती निघत नाही आणि जुनी निघत नाही म्हणून नवी बसत नाही. यासाठी मायक्रोसॉफ्टचंच एक क्लीनअप टूल होतं, पण ते दुसऱ्याच प्रोग्रॅमची वाट लावायला लागलं म्हणून २०१० मध्ये त्यांनी मागे घेतलं. आता त्याच्या जागी ट्रबलशूटर आहे, तो बरा आहे, आधी तो चालवून बघावा.

२००७ ला विंडोज व्हिस्टा आलं आणि परवानगीचं नवं प्रकरण सुरू झालं. तोपर्यंत घरातला प्रत्येक माणूस अ‍ॅडमिनच असायचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला. व्हिस्टाने स्क्रीन काळपट करून दर वेळी विचारायला सुरुवात केली, लोकांनी शिव्या घातल्या. गंमत म्हणजे जुन्या सेटअपला परवानगी मागायची असते हेच माहीत नव्हतं, म्हणून विंडोज फाइलीच्या नावावरून अंदाज बांधतं, नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट असेल तर हा इन्स्टॉलर असावा. हो, नावावरून! राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा आपला रामबाण उपाय तेव्हापासूनचा.

मग ३२ बिट विंडोजच्या जागी ६४ बिट आलं. इथे नावांचा जो घोळ आहे तो कोणाला सांगितला तर खरं वाटत नाही, सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटवाल्या फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटवाल्या. जुने प्रोग्रॅम सिस्टम३२ हेच नाव धरून लिहिलेले होते, नाव बदललं असतं तर सगळे मोडले असते. म्हणून कोणीतरी कुठल्याशा साइटवरून एक डीएलएल उतरवून चुकीच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि मग ०एक्ससी०००००७बी असा आकडा येतो, म्हणजे ३२ आणि ६४ ची खिचडी झालीये. तसंच नव्वदच्या दशकातले कित्येक प्रोग्रॅम ३२ बिट पण त्यांचा सेटअप मात्र १६ बिट, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटवालं काहीच चालवत नाही. प्रोग्रॅम चालला असता हो, पण आत शिरायचा दरवाजाच उघडत नाही.

'एमएसव्हीसीपी१४० डीएलएल मिसिंग' हा मेसेज न पाहिलेला माणूस विरळा. तो त्या जुन्या एकत्र कुटुंबाचाच वारस आहे. सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला मायक्रोसॉफ्टचा रनटाइम (चालायला लागणाऱ्या सामाईक डीएलएल) लागतो, दर एक ते तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती आणि नवं पॅकेज, म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशी रांग दिसते आणि प्रत्येकाची दोन-दोन पिल्लं, ३२ आणि ६४. कृपा करून ती 'साफ' करू नका. १४० म्हणजे १४.० आवृत्ती, २०१५ ची, आणि २०१७, २०१९, २०२२ या तिघांनी तेच नाव चालू ठेवलंय, त्यामुळे सगळ्यात नवं पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलं (दोन्ही, ३२ पण आणि ६४ पण) की त्या चौघांचं काम भागतं. सुटी डीएलएल देणाऱ्या साइटींच्या वाटेला जाऊ नये.

आता मामांकडे येतो. लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' च्या वर एका टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरचा पत्ता होता आणि त्या पत्त्यात मधेच दोन प्रश्नचिन्हं. दोन अक्षरांच्या जागी दोन. बघतो तर मामेबहिणीने पीसी सेट करताना युजरचं नाव हौसेने मराठीत ठेवलेलं, 'घर'. म्हणजे युजर फोल्डरही 'घर', आणि टेम्प त्याच्याच आत.

याच्यामागे परत इतिहास. जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये अक्षरं एका-एका बाइटच्या कोड पेजमधून (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) यायची, इंग्रजीचं वेगळं, रशियनचं वेगळं, थाईचं वेगळं. देवनागरी विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० पासून, आणि तोवर युनिकोड (सगळ्या लिप्यांचा मिळून एकच तक्ता) आलेलं असल्यामुळे मराठी-हिंदीला असं जुन्या धर्तीचं कोड पेज मिळालंच नाही. आपल्याकडे तोपर्यंत श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम यांच्यावर काम चाललेलं, ते अक्षरांचं सोंग काढणारे फॉन्ट, विंडोजला वाटायचं इंग्रजीच टाइप होतंय. एक्सपीमध्येसुद्धा मराठी दिसायला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा टिकमार्क करावा लागायचा आणि मग ते एक्सपीची सीडी मागायचं, जी असेम्बल्ड पीसीवाल्या कोणाकडे नसायची. तर सांगायचं काय, युनिकोड न समजणारा प्रोग्रॅम देवनागरी नाव वाचायला गेला की त्याच्या हाती फक्त प्रश्नचिन्हं येतात आणि तसा फोल्डर डिस्कवर नसतोच. रशियन माणसाचं रशियन विंडोजवर निभावतं, आपलं निभावत नाही. एनएसआयएसमध्ये युनिकोड आलं २०१६ च्या ३.० मध्ये, इनो सेटअपने युनिकोड नसलेली आवृत्ती बंद केली २०१९ मध्ये. आणि मामांच्या सॉफ्टवेअरच्या आतला तो कस्टम अ‍ॅक्शनवाला तुकडा कोणत्या सालचा होता देव जाणे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) वापरायचा एक टिकमार्क आहे खरा, पण त्याच्यासमोर अजून बीटा लिहिलेलं असतं आणि दुसरे जुने प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतात, म्हणून त्याला हात लावला नाही.

कंट्रोल पॅनलमधून नुसतं नाव बदलून चालत नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. त्यामुळे इंग्रजी अक्षरांत नाव घालून दुसरं अ‍ॅडमिन अकाउंट काढलं, त्यात लॉगिन केलं, सेटअप मारला. दोन मिनिटांत झाला. सॉफ्टवेअर सगळ्या युजर्ससाठी बसणारं होतं म्हणून मराठी 'घर'मधूनही उघडतं, फक्त अपडेट आलं की इंग्रजी 'घर'मध्ये जायचं, तसं मामांना कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद मॉनिटरला चिकटवलाय. मामांचं म्हणणं अजून तेच, फॉरमॅट मारला असता तर लवकर झालं असतं.