अर्धसंवाहक अब्जांश कण (पातळ पटलाच्या सौर घटांसाठी)

कॅडमियम सल्फाइड, तांबे-जस्त-कथील सल्फाइड अशा अर्धसंवाहकांचे काही नॅनोमीटर व्यासाचे कण घडवून त्यांचे काचेवर पटल बसवण्याची प्रक्रिया. मराठवाड्यात या विषयाचे काम छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात झाले आहे. केमिकल बाथ (एकाच द्रावणात काचपट्टी बुडवून पटल चढवणे) व सिलार (पट्टी आळीपाळीने दोन वेगळ्या आयनांच्या द्रावणांत बुडवून थरावर थर चढवणे) या द्रावण-पद्धतींना निर्वात यंत्रणा लागत नाही. बीकर, वॉटर बाथ आणि काचपट्ट्या पुरतात.

केमिकल बाथचा आरंभ कोणता धरावा, याविषयी मतभेद आहेत. थायोसल्फेट या गंधक पुरवणाऱ्या रसायनातून रंगीत थर चढवण्याची पुशर यांची नोंद १८६९ ची. थायोयुरिया या गंधक पुरवणाऱ्याच दुसऱ्या रसायनातून शिसे सल्फाइडचे पटल इमर्सन-रेनॉल्ड्स यांनी १८८४ च्या सुमारास मिळवले. आजच्या कृतीशी दुसरी अधिक जुळते. सिलारचे श्रेय मात्र सहसा निकोलाऊ (१९८५) यांना दिले जाते.

कॅडमियमचा क्षार, अमोनिया व थायोयुरिया यांचे द्रावण साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला तापवले की ते हळूहळू लिंबासारखे पिवळे होते आणि तळाशी भुकटी बसू लागते. ती पटलावर साचू नये म्हणून काचपट्टी उभी ठेवतात. पटल नेमके कसे वाढते, हा जुना वाद आहे. एका मतानुसार आयन थेट काचेवर येऊन जुळतात; दुसऱ्या मतानुसार आधी कॅडमियम हायड्रॉक्साइडचे समूह बनतात आणि त्यांचेच पुढे सल्फाइड होते. पहिल्या मार्गाने स्फटिक मोठे व पटल घट्ट होते, दुसऱ्याने कण बारीक राहतात. अमोनियाचे कॅडमियमशी प्रमाण बदलले की मार्गही बदलतो. त्यामुळे दोन्ही मते आपापल्या परिस्थितीत खरी मानणेच योग्य वाटते.

कण बारीक झाले की बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, वाढतो. कॅडमियम सल्फाइडचा स्थूल रूपातला सुमारे २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आकडा मग लागू राहत नाही. हा आकारपरिणाम एकिमॉव्ह व ब्रूस यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वतंत्रपणे दाखवला. बावेंडी यांच्यासह त्यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सौर घटात कॅडमियम सल्फाइडचे पटल प्रकाश आत सोडणाऱ्या खिडकीचे काम करते. त्यात सूक्ष्म छिद्र राहिले तर घटातला विद्युतप्रवाह गळतो, म्हणून जाडीपेक्षा सलगपणाला महत्त्व.

सिलारमध्ये प्रत्येक आवर्तनात पट्टी दोनदा शुद्ध पाण्यात धुवावी लागते. पाण्याची चणचण असलेल्या मराठवाड्यात ही बाब नजरेआड करण्यासारखी नाही. वापरलेले द्रावण नाल्यात सोडता कामा नये, कारण कॅडमियम विषारी आहे. प्रकाश शोषणाऱ्या थरासाठी कॅडमियम टेल्युराइडऐवजी तांबे-जस्त-कथील सल्फाइडकडे वाढलेला ओढा याही कारणाने, जरी त्याची कार्यक्षमता अजून कॅडमियम टेल्युराइडच्या घटांहून बरीच कमी आहे.